फोल्डरचं नाव ठरवणारा हा मेलेला डॉस कोण?

आमच्या नाटकाचं साउंड मी बघतो. मिक्सरच्या ऑक्सला, म्हणजे जादाच्या आउटपुटला, जाणारे ट्रॅक वेगळे ठेवावेत म्हणून फोल्डर करायला घेतला, नाव टाइप केलं ए-यू-एक्स. तर विंडोज १० मला ऐकवतंय, 'द स्पेसिफाइड डिव्हाइस नेम इज इनव्हॅलिड'. अरे कसलं डिव्हाइस? फोल्डर करतोय मी, फोल्डर! मराठीत 'ऑक्स' लिहिलं की निमूट घेतंय. पण आमचं ट्रॅक वाजवायचं सॉफ्टवेअर जुनाट, त्याला देवनागरी दिसली की ते नुसत्या चौकटी दाखवतं.

कारण कळलं आणि डोकंच फिरलं. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस ही विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम आली, तेव्हा त्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. ऑक्स म्हणजे सिरीयल पोर्ट, पीआरएन म्हणजे प्रिंटर, कॉन म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन, नल म्हणजे टाकलं ते गायब. ही नावं फाइलसारखीच वापरायची. 'कॉपी कॉन' करून बॅच फाइल लिहिलेल्या आणि शेवटी कंट्रोल-झेड दाबलेल्या लोकांना आठवेल. बरं, १९८३ ला डॉस २.० मध्ये फोल्डर आले. तेव्हा तरी ही नावं कुठल्यातरी एका कोपऱ्यात हलवायची ना? नाही! जुने प्रोग्राम अडतील म्हणे. मग प्रत्येक फोल्डरमध्ये ती राखीव, पुढे .टीएक्सटी लावलं तरी राखीव. एसटीत सीटवर रुमाल टाकून माणूस उतरून गेला, चाळीस वर्षं झाली, तरी आपण उभ्यानंच जायचं!

आणि हा डॉस तरी कुठे स्वतःच्या डोक्यानं चालला होता? सिअॅटलमध्ये टिम पॅटर्सननं १९८० साली तो लिहिला, तो गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या त्याआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणावर, म्हणजे तिकडचे प्रोग्राम इकडे आणायला सोपे जावेत. ए आणि बी फ्लॉपीला, म्हणून हार्ड डिस्क सी. माझ्या लॅपटॉपला फ्लॉपीचं भोकसुद्धा नाही, तरी सी! त्या सीपुढे कोलन लागतो म्हणून 'प्रवेश २: पाऊस' असं नाव मी द्यायचं नाही. तिरकी रेघ (/) कमांडला ऑप्शन द्यायला आधीच वापरून बसले होते, म्हणून फोल्डरच्या वाटेत उलटी तिरकी रेघ (\). ती कीबोर्डवर कुठे असते हे दर लॅपटॉपला नव्यानं शोधा.

काल 'कोण आहे तिकडे?' या प्रवेशाचा ट्रॅक सेव्ह करत होतो. प्रश्नचिन्ह चालत नाही! का, तर सीपी/एमच्या काळापासून त्याचा अर्थ 'इथे कुठलंही अक्षर चालेल'. कुठलंही चालेल ना? मग माझं एक चालवून घ्या की!