माझ्या लेकाची इम्युनिटी कमी नाही

परवा हळदीकुंकवाला ओळखीच्या एका काकूंनी वाणासोबत काढ्याची बाटली हातात ठेवली. "इम्युनिटी वाढेल गं त्याची, मग ती इंजेक्शनंही सुटतील." काकूंचा माझ्या लेकावर जीव आहे, म्हणून तिथे गप्प बसले. पण हे लिहायलाच हवं.

लेक ९ वर्षांचा आहे, त्याला टाइप वन डायबिटीस आहे. हा आजार गोड खाऊन होत नाही आणि प्रतिकारशक्ती कमी पडल्यानेही होत नाही. त्याच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी परक्या समजून मारल्या, म्हणून रक्तातली साखर आवरणारं हे इन्शुलिन त्याला इंजेक्शनने द्यावं लागतं. त्या प्रतिकारशक्तीला आणखी जोर देऊन काय मिळवायचं?

गेल्या मे महिन्यात गावी त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सकाळपर्यंत टाच लालबुंद, गरम, टम्म फुगलेली. तो रडत होता आणि त्याच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून तिथले जंतू गिळत होत्या. नंतर जो पू आला, त्यात बहुतेक लढून मेलेल्या याच पेशी. काटा काढला, चार दिवसांत सूज ओसरली. ते ओसरणंसुद्धा प्रतिकारशक्तीचंच काम. वेळेवर थांबता येणं हा तिचा अर्धा गुण आहे, आणि त्याबद्दल कोणत्याच बाटलीवर काही लिहिलेलं नसतं.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तयार होताना त्यांना शरीराचेच तुकडे दाखवले जातात. जी पेशी त्यांच्यावर तुटून पडेल, ती तिथेच संपवली जाते. तरी काही निसटतात. त्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांच्याच शोधासाठी साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना मिळालं. बातमी वाचताना मला रडू आलं. माझ्या घरात जे बिघडलंय, त्यावर कुणीतरी आयुष्य घालवलंय.

लस मात्र आम्ही एकही चुकवलेली नाही. लस प्रतिकारशक्तीला शत्रूची ओळख करून देते, आणि ती ओळख स्मृतिपेशी जपतात.

आणि इंजेक्शन सुटण्याबद्दल. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं, माणसाला दिलेलं पहिलं. त्याआधी अशी मुलं वाचत नसत. कुणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद केलं तर काही दिवसांत मुलाच्या जिवावर बेततं. कृपा करून असा सल्ला कुठल्याही आईला देऊ नका.

तुमचं मूल एकाएकी घटाघटा पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं, मोठं असूनही रात्री अंथरूण ओलं करायला लागलं, खाऊनपिऊन वाळत चाललं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन साखर तपासा. बोटातून थेंबभर रक्त लागतं. आम्ही "उन्हाळा आहे, तहान लागणारच" म्हणत तीन आठवडे घालवले होते.