रद्द झालेली पॉलिसी आणि फॉर्मवरचा एक प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा ते कारेलीबागेतील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही आले आणि बाबांच्या नावावर असलेल्या गाडीची अर्धी चाके बुडवून थांबले. गाडी वाचली. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन (पाण्याने इंजिन बिघडल्यास भरपाई देणारे जादा संरक्षण) घेतलेले आहे की नाही, हे विचारण्यासाठी मी एजंटला फोन केला, तेव्हा ती पॉलिसी मे महिन्यातच रद्द झाल्याचे कळले. एप्रिलमध्ये नूतनीकरणासाठी दिलेला बाबांचा चेक सही जुळत नसल्यामुळे परत गेला होता. वयोमानाने त्यांचा हात आता थरथरतो, आणि बँकेकडे मात्र त्यांची वीस वर्षांपूर्वीची सही आहे.

चेक वटला नाही म्हणून पॉलिसी रद्द करणे यात कंपनीची चूक आहे, असे मी म्हणणार नाही. १९३८ च्या विमा कायद्यातील ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीला केवळ सिद्ध झालेल्या फसवणुकीच्या कारणावरून, आणि तेही किमान सात दिवसांची नोटीस देऊनच, पॉलिसी रद्द करता येते. परंतु ज्या पॉलिसीचे पैसेच पोहोचले नाहीत, तिची गोष्ट निराळी. माझी तक्रार आहे ती कळवण्याच्या पद्धतीबद्दल. कंपनीने एकच पत्र पाठवले, आणि तेही आम्ही सहा वर्षांपूर्वी विकलेल्या दांडिया बाजारातील घराच्या पत्त्यावर. (आरसी बुकावरचा पत्ता आम्ही बदलला नव्हता, हा दोष आमचा.) नूतनीकरणाची आठवण करून देणारे पाच-पाच मेसेज ज्या मोबाइलवर येतात, त्याच मोबाइलवर पॉलिसी रद्द झाल्याचा एकही मेसेज येऊ नये, हे मला आजही पटत नाही.

ही सूचना मिळणे का महत्त्वाचे आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील एका निकालावरून समजते. चेक न वटल्याने पॉलिसी रद्द झाल्याची सूचना अपघातापूर्वी वाहनमालकापर्यंत पोहोचली असेल, तर तिऱ्हाईताला भरपाई देण्याच्या जबाबदारीतून कंपनी सुटते. सूचना अपघातानंतर पोहोचली, तर सुटत नाही. त्या चार महिन्यांत अलकापुरीच्या गर्दीत एखाद्या स्कूटरला आमचा धक्का लागला असता, तर ते पत्र आम्हाला मिळाले होते की नाही यावरच सगळा वाद रंगला असता.

नवा विमा घेताना मी दोन भागांत विचार केला. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर केंद्र सरकार ठरवते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला तो ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असा होता, आणि आधीची पॉलिसी रद्द झाली म्हणून त्यात एक रुपयाही वाढत नाही. तो मी त्याच संध्याकाळी घेतला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा सप्टेंबर २०१९ पासून स्वतंत्रपणे घेता येतो, पण खंड पडलेला असल्याने त्यासाठी गाडीची तपासणी आली. पूर नुकताच ओसरलेला असल्यामुळे आलेल्या माणसाने मॅट उचलून खाली चिखल आहे का ते पाहिले, सीटखाली हात घालून ओल तपासली, चॅसिस नंबरचा फोटो घेतला आणि मागच्या बंपरवरचा जुना ओरखडाही नोंदवला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच केले असते.

खरा प्रसंग फॉर्म भरताना आला. यापूर्वी एखाद्या कंपनीने तुमचा विमा नाकारला किंवा रद्द केला आहे का, असा त्यात प्रश्न होता. एजंट सहजपणे गुजरातीत म्हणाला, “काका, एमां शुं? ना लखी नाखो.” (त्यात काय, ‘नाही’ लिहून टाका.) पुढे त्याने नो क्लेम बोनसच्या, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या, रकान्यात ४५ टक्केही लिहू पाहिले. सलग चार वर्षे दावा न केल्यामुळे तो बोनस आमचा होता हे खरे. पण आधीची पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही की तो जातो, आणि एप्रिलचे नूतनीकरण मुळात झालेच नव्हते. खोटा बोनस लिहून हप्ता काही हजारांनी कमी झाला असता, पण पुढे दावा केल्यावर नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे विचारणा केली असती, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई हातची गेली असती. काही हजार वाचवण्यासाठी एवढी जोखीम विकत घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

मी ‘होय’ लिहिले आणि बँकेचा चेक परतीचा मेमो सोबत जोडला. कारण पाहिल्यावर कंपनीने आणखी काही विचारले नाही. बोनस शून्यावर आला आणि हप्ता वाढला, एवढेच. पैसे या वेळी ऑनलाइन भरले. आरसीवरचा पत्ता बदलण्याचा अर्जही दिला आहे, आणि बाबांना बँकेत नेऊन त्यांची आजची सही नोंदवून आलो आहे.