पापडीच्या कट्ट्यावर: पील की पॉल?

रविवारी संध्याकाळी वसईतल्या पापडीच्या तलावाजवळ आम्ही चौघं असतोच, मी, बॅस्त्याव, पक्या आणि मास्तर (मास्तर रिटायर होऊन जमाना झाला, नाव तेवढं चिकटलंय). विषय कधीच ठरलेला नसतो. या वेळी पक्या दोन दिवसांचं कसलंतरी पॉझिटिव्ह थिंकिंगचं वर्कशॉप करून आला होता, साडेतीन हजार भरून, हॉटेलच्या एसी हॉलमध्ये, आणि बसायच्या आधीच बॅस्त्यावला म्हणाला, "तुमचं देऊळ आणि आमचं सेमिनार, काडीचा फरक नाय बघ. दोन्हीकडे एकच सांगतात, विश्वास ठेव, मिळेल."

बॅस्त्यावला चहाचा ठसका लागला. गडी कॅथलिक, दर रविवारी न चुकता देवळात (इथे चर्चला देऊळच म्हणतात) मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जाणारा, पण धर्मावर वाद घालायला कधी पुढे येत नाही, त्याला वाद केळीच्या भावावर घालायला आवडतो.

पक्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं हां. तो म्हणाला, तुमच्याच बायबलमध्ये आहे ना, मागा म्हणजे मिळेल, ठोका म्हणजे उघडेल, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलेल, मग आमचा ट्रेनर वेगळं काय सांगतो, डोळे मिटा, फॉर्च्युनर दिसली पाहिजे, नव्या सीटचा वास आला पाहिजे, म्हणजे युनिव्हर्स ती देणारच. आणि हसू नका, लॉकडाउनमध्ये दुकानाचं शटर बंद होतं तेव्हा सकाळी अंथरुणातून उठायला मला हेच व्हिडिओ कामाला आले, तुमच्यापैकी कोणी आलं नव्हतं. यावर कोणी काही बोललं नाही कारण ते खरं होतं.

बॅस्त्याव म्हणाला, "अरे पण मागा म्हणजे कोणाकडे मागा? बापाकडे. बाप नाही म्हणू शकतो. माझा पोरगा रोज आयफोन मागतो, मिळाला का? तुझ्या त्या युनिव्हर्सला नाही म्हणताच येत नाही, तो काय देव झाला? ते झालं एटीएम."

"बरं, मग मोत माउलीला, तुमच्या माउंट मेरीला, काय करता?" पक्या तयारीत होता. "सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला जाता, बाहेर स्टॉलवर मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ, ज्याला जे पाहिजे ते विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. हा व्हिजन बोर्डच झाला की! मी फोटो चिकटवतो, तू मेण वाहतोस."

मला हे भयंकर आवडलं. बॅस्त्यावला पण, तो पाच मिनिटं नुसता हसत होता, मग म्हणाला, "हे मात्र बरोबर मारलंस."

आता मास्तर खाकरले. मास्तर खाकरले की वीस मिनिटं जातात हे आम्हाला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, पक्या तू म्हणतोस दोन्ही एकच, पण तुझं हे दुकान निघालंच मुळी चर्चमधून. नॉर्मन व्हिन्सेंट पील नावाचा पाद्री, प्रोटेस्टंट, न्यूयॉर्कच्या मार्बल कॉलेजिएट चर्चमध्ये १९३२ पासून ५२ वर्षं होता, त्याने १९५२ मध्ये पॉझिटिव्ह थिंकिंगच्या शक्तीवर पुस्तक लिहिलं ते लाखांनी खपलं. डोनाल्ड ट्रम्पचं घराणं त्याच चर्चमध्ये जायचं, ट्रम्पचं पहिलं लग्न १९७७ साली पीलनेच लावलं. आता बोला. आणि हा पील काय करायचा, घाबरलेला बिझनेसमन आला की त्याला बायबलचं एक वाक्य द्यायचा, मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, हे कार्डावर लिही आणि दिवसभर घोकत राहा. म्हणजे औषधाची गोळी.

"मग चांगलंच आहे की," पक्या.

"वाक्य कोणाचं आहे? संत पॉलचं, फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं. कुठे बसून लिहिलं? तुरुंगात! आणि त्याच्या आदल्याच ओळीत तो म्हणतो, मी भरल्या पोटी राहायला शिकलोय आणि उपाशी राहायलाही शिकलोय. म्हणजे 'सगळं करू शकतो' यात उपाशी राहणं पण आलं. आदली ओळ कापली आणि पुढची विकायला काढली."

मास्तरांनी मग अमेरिकेतल्या अॅडलाय स्टीव्हन्सनची कोटी सांगितली, प्रेसिडेंटच्या निवडणुकीत आयझेनहॉवरकडून दोनदा हरलेला नेता, तो म्हणायचा म्हणे, पॉल मला अपीलिंग वाटतो आणि पील अपॉलिंग, म्हणजे भयंकर. पक्याला ती दोनदा समजावून सांगावी लागली आणि कोटी समजावली की मरते, तशी मेली.

पण खरी मजा पुढे आली. १९६० साली केनेडी उभा राहिला तेव्हा कॅथलिक माणूस प्रेसिडेंट झाला तर कसं होणार अशी शंका काढणारं पत्रक काही प्रोटेस्टंट पाद्र्यांनी सभा घेऊन काढलं, त्या सभेचा अध्यक्ष हाच पील होता. बॅस्त्याव एकदम सरळ बसला. "म्हणजे आमच्या माणसाबद्दल पॉझिटिव्ह थिंकिंग नव्हतं!" आणि केनेडी निवडून आला तेव्हा तर त्याने अशी टाळी मागितली जसा काही मतमोजणीला तोच होता.

इथपर्यंत हसतखेळत चाललं होतं. मग मास्तर म्हणाले की एका जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी, गॅब्रिएल ओटिंगेन नाव त्यांचं, अभ्यास करून दाखवलं की नुसती छान छान स्वप्नं रंगवणारी माणसं उलट कमी हातपाय हलवतात, नोकरीची गोड कल्पना करणाऱ्या पोरांनी अर्जच कमी पाठवले. पक्या म्हणाला मास्तर, हे मला माझ्या भाच्याकडे बघून पण कळतं.

बॅस्त्याव मात्र अडून बसला होता. त्याला गोन्सालो गार्सिया आठवला, संत गोन्सालो गार्सिया, ज्याच्या नावाचं कॉलेज आहे इथे. म्हणाला, आपल्याच वसईचा माणूस, १५५७ चा जन्म, जपानमध्ये व्यापार करत होता, धंदा व्यवस्थित चालला होता, जपानी बोलायचा. ते सोडून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, परत जपानला आला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं, सगळे मिळून सव्वीस जण. कान कापले होते त्यांचे आणि क्योटोपासून हिवाळ्यात चालवत नेलं होतं. "तुझ्या ट्रेनरच्या हिशोबाने हा माणूस फेल झाला ना? चालता धंदा होता, मॅनिफेस्ट, म्हणजे मनात धरून खरं, काय केलं तर क्रूस! आणि खुद्द येशू? पकडलं त्याच रात्री, थोडं आधी, बागेत बसून घाबरलाय, बापाला म्हणतोय हा प्याला टळला तर बघ, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. क्रुसावर ओरडला, माझ्या देवा तू मला का टाकलंस. कोणी पॉझिटिव्ह माणूस असं ओरडेल?"

मी यात फारसा पडत नाही, मी देवळात लग्नाला आणि मयताला जातो तेवढाच. पण मला तिथे जाणवलं की बॅस्त्यावच्या धर्मात रडायला जागा आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली कितीतरी सरळ तक्रारीची आहेत, देवा झोपलास का, किती दिवस विसरणार मला, आणि लोक ती रविवारी सुरात म्हणतात. पक्याच्या हॉलमध्ये असं कोणी उठून म्हटलं असतं तर त्याला निगेटिव्ह म्हणून मागच्या खुर्चीवर बसवलं असतं.

हे मी बोललो आणि पक्या गप्प झाला. मला वाटलं रागावला. मग तो खाली बघत बघत म्हणाला की बाबांच्या खोलीत मी कागद लावलेत. त्याच्या बाबांना दिवाळीच्या आधी लकवा मारला, उजवा पाय उचलत नाही, वॉकरवर आहेत. भिंतीवर मोठ्या अक्षरात, 'मी ठणठणीत चालतोय', 'माझा पाय मजबूत आहे', रोज सकाळी वीस वेळा म्हणायचं, घरात आजार हा शब्द काढायचा नाही. "महिनाभर म्हणाले रे. परवा रात्री मला हाक मारली आणि विचारलं, मी मनापासून म्हणत नाय म्हणून पाय उठत नाय का? माझंच चुकतंय का काय?"

तलावावरून वारा सुटला होता, चहावाला ग्लास गोळा करत होता. कोणालाच काय बोलावं कळेना. हीच तर गोची आहे, फॉर्च्युनर नाही आली तर चालतं, हसून सोडता येतं, पण पाय नाही उठला तर त्या गणितात चूक फक्त तुमचीच असते, दुसरा कोणी त्या गणितात नाहीच.

मास्तर हळूच म्हणाले, मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली, ती वाचा. वर्षानुवर्षं त्या बाईला प्रार्थनेत काही जाणवत नव्हतं, आत नुसता अंधार, असं तिने स्वतः आपल्या फादरांना लिहिलंय. आणि रोज पहाटे उठून कोलकात्याच्या रस्त्यावर पडलेली माणसं उचलतच होती. तिला चर्चने २०१६ मध्ये संत केलं, अंधार लपवून नाही, पत्रं छापल्यावर.

"आमच्याकडे पण असतात तसले," बॅस्त्याव प्रामाणिकपणे म्हणाला. "हिलिंगच्या मीटिंगला जातात, बरं नाही वाटलं तर म्हणतात तुझा विश्वास कमी पडला. माझ्या मावशीला म्हणालेत. तू आज घरी जाऊन ते कागद काढ बघू पहिले. फिजिओवाला येतो ना?"

"आठवड्यातून तीनदा."

"मग त्याचे पैसे वेळेवर दे."

उठलो सगळे. पक्याने गाडीला किक मारली, बंद केली, परत बॅस्त्यावकडे वळला.

"तो मेणाचा पाय केवढ्याला मिळतो रे?"

"साइजवर आहे," बॅस्त्याव म्हणाला. "उजवाच पाहिजे ना?"