फाट्यावरचा पानठेला अन् सलाईनचा वाद

"बाप्पा, सरकारी दवाखान्यात सलाईनच लावत नाई, मंग तिथं जायाचं कायले?" पानाला चुना लावता लावता ठेलेवाल्यानं काडी टाकली, अन् फाट्यावरची अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

विषयाला कारण आमचा ऑटोवाला. सोयाबीनच्या निंदणात तापानं पडला होता, परवाच सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आला. आधी बाजाराच्या गावातल्या खासगी डॉक्टरकडे रोज एक बाटली चढवली. ताप हटायचं नाव नाही. सेवाग्रामला डॉक्टरनं सदरा-पँट काढायला लावली, तेव्हा कमरेपाशी, करदोड्याखाली, बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली सापडली. स्क्रब टायफस. गवतात, झुडपात बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्यानं येणारा ताप. त्यावर डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्तातल्या गोळ्या चालतात. बाटलीतल्या मीठपाण्यानं तो काय उतरणार?

पण ऑटोवालाच त्या खासगीची बाजू घेऊन भांडत होता. "रातच्या दोनले दार उघडते थो. उधारी ठेवते. तुमच्या सरकारी डॉक्टरले दुपारनंतर शोधा!" यावर कोणाजवळच उत्तर नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे.

"अरे, पण रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यायले त्याच्याकडे पैसे काऊन मोजता बे?" गुरुजी तापले. "15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचेही पैसे नाई. गोळ्या तिथून घ्या. अन् जो तोंडानं खाऊन-पिऊन राह्यला, त्याले सलाईन कायले?"

"अन् छातीत कळ आली तं? तिथंच जाऊ?"

"नाई. 108 ले फोन."

"थे येईस्तोवर माह्या ऑटोत अर्धा रस्ता सरते!"

दोघंही थोडेथोडे बरोबर. माझं मत विचाराल तर आधी फोन करावा, गाडी कुठवर आली ते विचारावं. त्या गाडीत डॉक्टर अन् ऑक्सिजन असतो, ऑटोत फक्त आपला ऑटोवाला.

सापावर मात्र कधी नव्हे ते एकमत झालं. मण्यार रात्री झोपेत चावते, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. आपल्या आरोग्य केंद्रात सापाची लस आहे का, हे आशाताईला पावसाळ्याआधीच विचारून ठेवायचं.

"मोठा आजार निघाला तं फुले योजना हाये ना, सारं फुकट," ठेलेवाला म्हणाला. सारं नाही. 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण यादीतल्या उपचाराला, यादीतल्या दवाखान्यात, तेही भरती झाल्यावर. बिल भरायच्या आधी रेशनकार्ड अन् आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठायचं; घरी आल्यावर हळहळून उपयोग नाही.

कोपऱ्यातला म्हातारा इतका वेळ तंबाखू मळत होता. म्हणाला, "आमच्या वेळी सेवाग्रामच्या दवाखान्याले सुगीत ज्वारी मोजून देत होतो. थोच आमचा विमा." अशी योजना खरंच होती, पोरांना मात्र ती थाप वाटली.

"थे सारं जाऊ द्या," ठेलेवाला म्हणाला, "माह्या मायचे गुडघे कुठं दाखवू, थे सांगा."

तिघांनी तीन गावं सांगितली.