पत आणि ऐपत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर द्यायला चार दिवस लागले त्याबद्दल माफ करा, पण तुमची कमेंट "धन्यवाद, मताचा आदर आहे" असं लिहून बाजूला सारण्यासारखी नव्हती. खरी श्रीमंती पैशात नसते, समाधानात आणि माणुसकीत असते, या माझ्या पोस्टवर तुम्ही लिहिलंत की हे सगळं पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे, आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या काउंटरवर कोणी समाधान आणि माणुसकी जमा करून घेतली नाही, पैसेच मागितले, आणि सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते.

आधी माझं चुकलं ते सांगते. एका मर्यादेनंतर पैशाने सुख वाढत नाही असं मी पोस्टमध्ये ठामपणे लिहिलं होतं. हे वाक्य पसरलं ते मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांच्या २०१० च्या अमेरिकेतल्या अभ्यासावरून, त्यात वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे माणसाच्या रोजच्या मूडमध्ये फरक पडत नाही असं दिसलं होतं. पण २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी लोकांना मोबाइलवर अधूनमधून "आत्ता कसं वाटतंय" असं विचारून माहिती गोळा केली, तर तिच्यात अशी मर्यादा दिसलीच नाही. मग काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकमेकांना खोडत न बसता बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन सगळं परत तपासलं (हे मला फार मोठं वाटतं) आणि २०२३ मध्ये तिघांचा मिळून पेपर आला. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं, फक्त सगळ्यात दुःखी असलेले जे २० टक्के लोक आहेत त्यांना साधारण एक लाख डॉलरपर्यंत फरक पडतो आणि मग तो थांबतो, कारण जिवाचं माणूस जाणं, मन मोडणं, डिप्रेशन अशा गोष्टींपुढे पैसा एका टप्प्यानंतर काही करू शकत नसावा. म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आणि माझं वाक्य चूक. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीये.

आणि तंगी नुसता खिसा रिकामा करत नाही, डोकंही अडकवून ठेवते, हे मी लिहायलाच हवं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना ऊस निघायच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या होत्या. माणसं तीच, पण आधीच्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांना त्या चाचण्या कमी जमल्या आणि हातात पैसे आल्यावर जास्त. तुम्ही आईच्या त्या दिवसांत किती गोष्टी विसरला असाल, कोणावर उगाच ओरडला असाल, ते मला कळतंय कारण मीही त्यातून गेलेय.

तेच सांगायचंय. माझ्या वडिलांना रात्री अ‍ॅडमिट करावं लागलं, डिपॉझिट लगेच हवं होतं, इन्शुरन्सचं अप्रूव्हल सकाळशिवाय येणार नव्हतं आणि घराचा हप्ता नुकताच गेल्यामुळे माझ्या खात्यात जवळजवळ काहीच नव्हतं. मी तिघांना फोन केले, एक जुना सहकारी, एक शेजारीण आणि माझी मावसबहीण. तासाभरात पैसे आले. कधी परत देशील असं एकानेही विचारलं नाही, कागद तर सोडाच. त्या रात्री माझी ऐपत शून्य होती, पण पत होती. आपल्या भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि खरी श्रीमंती म्हणताना मला पत म्हणायची असते, पोस्टमध्ये मात्र मी समाधान, शांती असले गुळगुळीत शब्द वापरत बसले.

तुम्ही म्हणाल शेवटी काउंटरवर पैसेच भरले ना. हो. आणि त्या तिघांकडे देण्याइतके होते म्हणूनच ते आले. ज्याच्या भोवतीची सगळीच माणसं ओढगस्तीत आहेत त्याची पत कितीही मोठी असली तरी तिने बिल भरलं जात नाही, तुमच्या बाबतीत कदाचित हेच झालं असेल आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अशा माणसाला नाती जप म्हणून सांगणं क्रूर आहे, त्याला आधी पैसाच मिळायला हवा.

पण माझ्यासारख्या पगारदार माणसांची खरी श्रीमंती म्हणजे पतच, असं मी हट्टाने म्हणत राहीन. शेजारणीच्या मुलीला मी दोन वर्षं रोज संध्याकाळी गणित शिकवायचे, तेव्हा घरातले म्हणायचे की याच वेळात क्लास घेतलेस तर चार पैसे तरी मिळतील. मी काही हिशेब ठेवून शिकवत नव्हते, ती मुलगी मला आवडायची इतकंच. उलट मावसबहिणीचं. प्रमोशननंतरच्या वर्षांत मी सगळीकडे जाणं बंद केलं, तिचे वडील गेले तेव्हासुद्धा एका मीटिंगमुळे फक्त फोन केला, आणि नंतर जाऊ म्हणता म्हणता गेलेच नाही. त्या रात्री सगळ्यात आधी पैसे तिचेच आले. ते मी चार महिन्यांत परत केले, पण तिच्या घरी मी जायला हवं होतं तो दिवस आता मला कुठूनही आणता येणार नाही.

नोकरी का नाही सोडली असं तुम्ही विचारलंत. सोडणार नाही, वडिलांची औषधं त्याच पगारातून येतात. फक्त संध्याकाळी सातनंतर फोन बंद ठेवते आणि त्यामुळे यंदाची बढती हुकली, ते मी मान्य केलंय.

आईची तब्येत आता कशी आहे? कमेंटमध्ये तुम्ही ते लिहिलं नाहीये. वेळ मिळाला की नक्की कळवा.