तीन दारांची जिमनी आम्ही मागवून का दिली नाही

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की दुबईहून सुझुकीची तीन दारांची जिमनी मागवायची होती, आम्ही सल्ल्याची फी घेतली आणि 'होणार नाही' म्हणून परत पाठवलं. पुढे असंही लिहिलंय की चांगली मॉडेलं परदेशात आणि उरलंसुरलं भारतात असा कंपन्यांचा धंदा आहे, आणि आमच्यासारखे गॅरेजवाले त्यांचीच री ओढतात. वागळे इस्टेटला आमच्याकडे हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या गाडीचं. दुबईत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथल्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडे असतं. आपल्या आयात नियमांना स्टीअरिंग उजवीकडे लागतं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये लागतो आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा लागतो. ही शेवटची अट लोकांना किरकोळ वाटते. गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम लावा. उजेडाची वरची कड आडवी सरळ जाते आणि डाव्या बाजूला वर चढते. फुटपाथच्या कडेने चालणारा माणूस दिसावा आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत, यासाठी ती तशी केलेली असते. दुबईच्या गाडीत तीच कड उजवीकडे चढते. गायमुख घाटात रात्री तो उजेड समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणार.

स्टीअरिंग बदलून घेऊ, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यासाठी डॅशबोर्ड, स्टीअरिंगची रॅक, पेडल, वायपरची लिंकेज, वायरिंग आणि एअरबॅग, सगळं उचकटावं लागतं. अपघाताच्या क्षणी ती एअरबॅग नीट उघडेल याची खात्री मी देऊ शकत नाही, म्हणून ते काम माझ्या गॅरेजात होणार नाही. पैसे कितीही मिळोत.

जपानहून आणली तर? तिथे स्टीअरिंग उजवीकडेच आहे आणि गाडी बनतेही तिथेच, हे खरं. पण इथे विकायच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून मंजुरी घ्यावी लागते. धूर, ब्रेक, दिवे, टक्कर, सगळं त्यात येतं. 2018 मध्ये सरकारने युरोप-जपानची मानकं पाळणाऱ्या मॉडेलांना यातून सवलत दिली, वर्षाला 2,500 गाड्यांपर्यंत. ती सवलत कंपनीला आणि तिच्या अधिकृत प्रतिनिधीला आहे, तुम्हाआम्हाला नाही. कंपन्या ती वापरतात कशासाठी, तर महाग आणि हौसेच्या गाड्यांसाठी. 2025 मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय पूर्ण तयार आयात होऊन आली, पहिल्या खेपेत 150 गाड्या, किंमत 53 लाखांच्या आसपास. स्वस्त गाडीला आयात ड्युटी झेपत नाही. 40 हजार डॉलरच्या आतल्या गाडीवरचीही ड्युटी 2023 च्या अर्थसंकल्पात 60 वरून 70 टक्के झाली, आणि जीएसटी त्याच्या वर.

तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न पुढचा आहे. तीन दारांची जिमनी 2021 पासून गुरुग्रामला बनून लॅटिन अमेरिकेत जात होती, मग इथेच का विकली नाही? ती बाहेरून परत आणायची सोयही नाही, कारण भारतात बनलेली गाडी नवी आयात म्हणून येऊ शकत नाही. मला जे कारण दिसतं ते करात आहे. आपल्याकडे छोट्या गाडीचा कर लागण्यासाठी लांबी 4 मीटरच्या आत लागते, आणि पेट्रोल इंजिन 1,200 सीसीच्या आत. जिमनीचं इंजिन 1,462 सीसी. म्हणजे एवढीशी गाडी, पण कर मोठ्या गाडीचा. आधी तो सेससकट 45 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून छोटीला 18 आणि मोठीला 40. मग तीन दारं, चार सीट आणि सीट न पाडता जेमतेम 85 लिटरची डिकी असलेली गाडी जवळपास पाच दारांच्या किमतीत घ्यायला किती घरं तयार होतील? तुम्ही घ्याल, सह्याद्रीत भटकणारी काही हौशी मंडळी घेतील. जून 2023 मध्ये कंपनीने इथे पाच दारांची आणली, ती हाच हिशेब करून, असं मला वाटतं.

फोक्सवॅगनच्याच पोलोची गोष्टही अशीच. जगात नवी पोलो 2017 मध्ये आली, लांबी 4,053 मिलिमीटर. चाकणला 2022 पर्यंत जुनीच बनत राहिली, 3,971 मिलिमीटरची. नवी पोलो 4 मीटरच्या मर्यादेच्या बाहेर गेली ती तीन बोटांनी, आणि तेव्हाच्या दराने कर 29 वरून 45 टक्क्यांवर गेला असता. बंपर छाटायचा तर डिझाइन, साचे, टक्कर चाचणी, सगळं नव्याने. मारुतीच्या ब्रेझाला टेप लावून बघा, 3,995 मिलिमीटर भरेल, मर्यादेच्या जेमतेम आत.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर नकार दिला ती सांगतो. आमच्याकडे कोपऱ्यात कव्हर घालून उभी असलेली गाडी तुम्ही पाहिलीत आणि विचारलंतही. तिचा ब्रँड भारतातून निघून गेलाय. इंजिन ठणठणीत आहे, पण एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, मॉड्यूल मिळत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टांत शोधून झालं. एक मिळालं, ते दुसऱ्या व्हेरियंटचं, स्कॅनर ते ओळखेना. मालक रोज ठाणे-ऐरोली रिक्षाने जातोय. आणि ही गाडी इथे रीतसर विकली गेली होती, तिचं शोरूम होतं. जी कधी विकलीच गेली नाही, तिची समोरची काच फुटली तर मी काय करू? मॉडेल आणायचं म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षं तिची काच, बंपर, सेन्सर गोदामात ठेवायचे, मेकॅनिक तयार करायचे. तेवढ्या गाड्या रस्त्यावर येणार नसतील तर कंपनीने ते मॉडेल आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धवट आणून सोडून दिलेल्या गाड्यांचे मालक मी रोज बघतो.

आणि हे फक्त आपल्याच वाट्याला येतं असं नाही. युरोपमध्ये कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड सरासरीत मोजतात आणि मर्यादेवरच्या प्रत्येक ग्रॅमला प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड लावतात. त्यामुळे 2020 च्या सुमारास जिमनी तिथल्या प्रवासी गाड्यांतून गेली आणि मागची सीट काढून मालवाहू म्हणून परत आली. उलट आपली गुरुग्रामची पाच दारांची जिमनी जानेवारी 2025 मध्ये जपानला गेली, तेव्हा काही दिवसांतच 50,000 ऑर्डर झाल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. तिथल्या लोकांना ती त्याआधी मिळत नव्हती.

एका बाबतीत मात्र तुमच्या रागात मी तुमच्यासोबत आहे. सुरक्षेत आपल्याला कमी दिलं गेलं. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या टक्कर चाचण्या करणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या तपासल्या, पाचही शून्य स्टारवर आल्या. एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाल्यावरच सरसकट आले. तिथे कंपन्यांची बाजू मी कधीही घेणार नाही.

फी आम्ही नियम, ड्युटी आणि पार्ट तपासून उत्तर देण्याची घेतो. उत्तर 'नाही' आलं तरी काम तेवढंच असतं, आणि हे फी घेण्याआधी सांगितलेलं होतं.

दुसरा एजंट करून देतो म्हणतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. टोकन देण्याआधी त्याच्याकडे कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीचा अधिकृत कागद) तुमच्या नावाने मिळेल का हे लेखी घ्या, आणि ते मॉडेल एमएच 04 ला नोंदवता येईल का हे स्वतः ठाणे आरटीओत विचारून या. 'कार्नेटवर', म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, 'आणतो' म्हणाला तर सरळ उठून या, कारण ती गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर परत न्यावीच लागते. कागद मिळाले तर घेऊन या, मी वाचून देईन. त्याची फी नाही.

— गॅरेज मालक, वागळे इस्टेट, ठाणे