ट्रिपल ऑप्शन ही दुबळ्या संघांची पळवाट नव्हे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चर्चेत एक विधान वर्षानुवर्षे फिरत आहे. ट्रिपल ऑप्शन, म्हणजे चेंडू घेऊन कोणी धावायचे हे तीन पर्यायांतून ऐनवेळी ठरवणारी आक्रमणाची रचना, ही धिप्पाड खेळाडू न मिळणाऱ्या लष्करी अकादमींची युक्ती आहे. मोठ्या कॉलेजने ती स्वीकारली, तर संघाची घडी बसायला अनेक वर्षे जातात, पिछाडी भरून काढता येत नाही, फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरचे भवितव्य बुडते आणि तयारीला वेळ मिळालेला प्रतिस्पर्धी ती सहज मोडून काढतो, असे त्याचे सार आहे. अटलांटाच्या जॉर्जिया टेक या कॉलेजने 2008 मध्ये हीच रचना स्वीकारली आणि 11 हंगाम निष्ठेने खेळली. तो सगळा हिशेब समोर असताना हे विधान आजही विनातपासणी मान्य केले जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

दुबळेपणाच्या आरोपाचे उत्तर रचनेतच आहे. आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे बी-बॅक हा धावपटू उभा असतो आणि दोन्ही बगलांना एकेक ए-बॅक, तेही धावपटूच. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तो बी-बॅकच्या पोटाशी लावतो आणि क्षणभर दोघांचेही हात चेंडूवर असतात. क्वार्टरबॅकची नजर मात्र समोरच्या, मुद्दाम न अडवलेल्या बचावपटूवर खिळलेली असते. तो बचावपटू बी-बॅककडे वळला नाही, तर चेंडू बी-बॅककडेच राहतो; वळला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि कडेने धावतो; तिथे मोकळा सोडलेला दुसरा बचावपटू अंगावर आला, तर चेंडू शेजारून धावणाऱ्या ए-बॅककडे फेकतो. अशा रीतीने दोन बचावपटू हात न लावता निकामी झाले, की त्यांना अडवण्यासाठी लागले असते ते दोन गडी इतरत्र वापरता येतात. हे गणित संख्येचे आहे, आणि बलदंड संघालाही ते तितकेच लाभते. टेक्सास विद्यापीठाच्या संघाला खेळाडूंची कधीच वानवा नव्हती. तरीही त्याचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांनी 1968 मध्ये विशबोन ही याच कुळातली रचना आणली, पहिल्या दोन सामन्यांत एक बरोबरी आणि एक पराभव सोसला आणि त्यानंतर सलग 30 सामने जिंकले.

घडी बसायला वर्षे लागतात, हा मुद्दा तर फार वेळ घेण्याजोगाही नाही. टेकचे नवे प्रशिक्षक पॉल जॉन्सन नेव्ही या नौदल अकादमीच्या संघाकडून आले तेव्हा त्यांच्या हाती आधीचे प्रशिक्षक चॅन गेली यांनी निराळ्या पद्धतीसाठी निवडलेले खेळाडू होते. क्वार्टरबॅक जॉश नेस्बिट आणि बी-बॅक जोनाथन ड्वायर हेही त्यांतलेच. 2007 मध्ये 7 विजय आणि 6 पराभव अशी कामगिरी असलेला हा संघ पहिल्याच हंगामात 9 सामने जिंकला, 4 हरला, आणि ड्वायर एसीसी या त्यांच्या गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पिछाडीबद्दल बोलणाऱ्यांनी त्याच वर्षीचा जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धचा सामना आठवावा. या शेजारच्या प्रतिस्पर्ध्याकडून टेक सलग सात वर्षे हरत आला होता, सामना अथेन्समध्ये, म्हणजे जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर होता आणि मध्यंतराला टेक 12-28 असा मागे होता. विधान खरे असते, तर जॉन्सन यांना धावणे सोडून फेकीचा आधार घ्यावा लागला असता. त्यांनी तसे केले नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ड्वायर 60 यार्ड धावत थेट गोलपट्टीत पोहोचला, तिसऱ्या सत्रात टेकने 26 गुण घेतले आणि सामना 45-42 असा जिंकला. एका फटक्यात लांब पल्ला मारण्याची ताकद धावण्यातही असते, हे त्या दिवशी ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

रिसीव्हरच्या बाबतीत विरोधकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. झेल कमी मिळतात, आणि केवळ आकडे वाढवू पाहणारा मुलगा अशा कॉलेजात जाणार नाही, हे मी मान्य करतो. पण बचावफळी धाव रोखायला पुढे गोळा झाली, की रिसीव्हरसमोर बहुधा एकच बचावपटू उरतो. टेकचा रिसीव्हर डिमेरियस टॉमसने 2009 मध्ये केवळ 46 झेलांत 1,154 यार्ड मिळवले, म्हणजे झेलामागे सरासरी 25 यार्ड, आणि 2010 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, तो पहिल्याच फेरीत, 22 व्या क्रमांकावर निवडला गेला.

खरा वजनदार आक्षेप शेवटचा आहे. हंगामानंतरच्या बोल सामन्यांसाठी प्रतिस्पर्ध्याला आठवड्याऐवजी साधारण महिना मिळतो, आणि अशा पहिल्या चारही सामन्यांत जॉन्सन यांचा टेक हरला. 2008 च्या हंगामाअखेर एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) तर 38-3 असा धुव्वा उडवला. हे पराभव लपवण्यात अर्थ नाही. मात्र वेळ मिळाला की रचना संपते, हा नियमच असता, तर तो पुढेही टिकायला हवा होता. उरलेल्या पाच बोल सामन्यांपैकी टेकने तीन जिंकले. त्यांतला 31 डिसेंबर 2014 चा ऑरेंज बोल मिसिसिपी स्टेटविरुद्ध होता. हा संघ त्याच हंगामात देशात पहिल्या क्रमांकावर राहून आला होता आणि तयारीसाठी त्यालाही महिनाभर मिळाला होता. टेकने त्याच्याविरुद्ध 452 यार्ड केवळ धावून मिळवले आणि सामना 49-34 असा जिंकला.